चिंधी बिळात शिरत नाही

प्रति,
अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि लेस्टरशायरमधल्या (इंग्लंड) आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची सगळी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र खुलं लिहितेय, कारण दुसरी वाट तुम्ही ठेवली नाहीत. मंगळवारी रात्री ग्रुपवर पोस्टर आलं. मी खाली लिहिलं, "याबद्दल जरा बोलायचं आहे." सकाळी उठून बघते तर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झालेली. तर आता सगळ्यांसमोरच बोलू.

ज्यांनी पोस्टर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. २६ डिसेंबर, बॉक्सिंग डे. मंडळाची कोच, म्हणजे भाड्याची बस, सकाळी आठला निघणार आणि दहापर्यंत आमच्या गावच्या पबसमोर पोचणार. तिथे अकराला लाल कोटातले घोडेस्वार, शिकारी कुत्र्यांचा ताफा आणि 'पारंपरिक इंग्लिश कोल्ह्याची शिकार', याचि देही याचि डोळा. ताफा निघताना आपलं ढोल-ताशा पथक वाजवणार. मग गावच्या हॉलमध्ये मिसळ. तळाशी बारीक अक्षरांत, "पार्किंग व स्थानिक व्यवस्थेसाठी ताईंशी संपर्क साधावा." ताई म्हणजे मी. आणि हे मला पोस्टर वाचूनच कळलं.

रागावले नाहीये. बरं, थोडी रागावलेय. पण पत्र त्यासाठी नाही.

मी या गावात सतरा वर्षं राहते, इथल्या दवाखान्यात नर्स आहे. नोव्हेंबर ते मार्च, शिकारीचा मोसम असतो तेव्हा सोमवारी सकाळी टाके काढायला आणि पट्ट्या बदलायला कोण येणार हे मला आधीच माहीत असतं. ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. आमची गाडी एकदा चिखलात रुतली तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने ट्रॅक्टर लावून ओढून काढली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा शहरात बसून खेड्याला अक्कल शिकवणारी बाई असं मला कोणी म्हणू नये. मला जे म्हणायचंय ते मी एका दिवसात, उघड्या डोळ्यांनी आणि बऱ्यापैकी गारठून पाहिलेलं आहे.

आधी एका शब्दाचं बघू. पोस्टरवरचा कोल्हा हा कोल्हा नाहीच. आपला कोल्हा, उसाच्या फडात शिरणारा, रात्री कुई घालणारा, तो इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे आपल्याकडचं खोकड, आणि इथला तांबडा फॉक्स हा त्याचा थोराड चुलतभाऊ. माझं माहेर फलटणकडचं. लहानपणी माळावर खोकड दिसायचं, मांजरापेक्षा थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं, बघता बघता गवतात विरून जायचं. पण शाळेच्या पुस्तकांनी फॉक्सचा कोल्हा केला, द्राक्षं आंबट ठरवायला त्यालाच पाठवलं, त्यामुळे मीही इथून पुढे कोल्हाच म्हणणार आहे. गंमत म्हणजे खऱ्या कोल्ह्याची 'इंग्लिश शिकार' झाली ती आपल्याकडे. साहेबाने इथले हाउंड, म्हणजे शिकारी कुत्री, बोटीत घालून तिकडे नेले, उटीच्या गवताळ डोंगरांवर आणि पेशावरच्या खोऱ्यात घोडे घातले, आणि तिथे जॅकलच्या मागे लागले.

आपण राहतो तो लेस्टरशायर म्हणजे या खेळाचं पंढरपूर. पूर्वी कोल्ह्याची शिकार पहाटे व्हायची, रात्री तो जिथून फिरला तो शिळा माग हुंगत, सावकाश. क्वॉर्न गावच्या ह्यूगो मेनेल नावाच्या जमीनदाराने १७५३ पासून सुमारे सत्तेचाळीस वर्षं ताफा चालवला, वेगाने धावणारी आणि तेज नाकाची कुत्री पैदा केली, आणि शिकारीची वेळ पहाटेवरून उशिरा सकाळवर आणली. तोवर कोल्ह्याच्या पोटातलं रात्रीचं खाणं जिरलेलं असतं, तो हलका होऊन जोरात पळतो, आणि मागचा घोडाही जोरात पळवता येतो. म्हणजे आपल्या पोस्टरवर जी अकराची वेळ आहे, ती कोल्ह्याच्या पचनावरून ठरलेली आहे. (मंडळातली शाकाहारी मंडळी फ्रीजरमध्ये जो क्वॉर्नचा खिमा ठेवतात, त्याचं नाव याच गावावरून आलंय. हे मला कळलं तेव्हा मी दुकानात एकटीच हसत उभी होते.)

आता तो दिवस.

फेब्रुवारीतला शनिवार होता. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे. जन्मभर मेंढ्या पाळल्या, तरुणपणी स्वतः शिकारीला जायचे, आता गुडघ्यांमुळे जुन्या लँडरोव्हरमधून मागे मागे जातात. अशी गाडीवाली आणि पायी जाणारी मंडळी प्रत्येक ताफ्यामागे असतात. मी त्यांना कधीतरी म्हटलं होतं की सतरा वर्षं राहून मी हे एकदाही नीट पाहिलं नाही. त्या सकाळी त्यांनी दारावर थाप मारली. "आज येऊ नका असं सांगायला आलोय," म्हणाले, "वारा बघा." आणि मग वर म्हणाले, "पण यायचंच असेल तर आजच या. वाऱ्याच्या दिवशी सगळं उघडं पडतं."

वारा पश्चिमेकडून, सोसाट्याचा. पबची पाटी कुरकुरत होती. मैदानात चाळीस-पन्नास घोडे, आणि एकही जागेवर उभं राहायला तयार नाही. शेपटाखाली वारा शिरला की घोडं नाचायला लागतं, तेही आडवं. एका मुलीचं तट्टू गोल गोल फिरत होतं आणि ती इतकी शांत होती की बहुधा हे रोजचंच असावं. ट्रेमधून पोर्ट वाइनचे छोटे ग्लास आणि सॉसेज रोल फिरत होते. मलाही मिळाला. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, मी सॉसेज रोलवर राजी झाले, हे प्रामाणिकपणे सांगते. लाल कोट सगळ्यांना नसतो बरं का. ताफ्याचे मास्टर, कुत्र्यांना हाकणारा हंट्समन, त्याचे मदतनीस आणि ज्यांना ताफ्याने तो मान दिला असे थोडे सभासद यांनाच. बाकीचे काळ्या-निळ्या कोटांत. आणि त्या लाल रंगाला इथे लाल म्हणायचं नाही, गुलाबी म्हणायचं.

कुत्र्यांना कुत्री म्हणायचं नाही, हाउंड. ती जोडीने मोजायची. त्या दिवशी साडेसोळा जोड्या होत्या, म्हणजे तेहेतीस. मी तेहेतीस म्हणाले तर आजोबांनी असं पाहिलं की मी जणू आरतीच्या मध्येच प्रसाद मागितला. हंट्समन प्रत्येकाला नावाने ओळखतो. नुसतं ओळखत नाही, गर्दीत मान वर न करता नाव घेतो आणि त्याच एका कुत्र्याची शेपटी हलते. आजोबांनी या ताफ्यासाठी तीस वर्षं पिल्लं सांभाळली आहेत. जन्मलेली पिल्लं गावातल्या घरी वाढवायला देतात, म्हणजे त्यांना माणसं, मेंढ्या, कोंबड्या, मोटारी सगळ्याची सवय होते, आणि मोठी झाली की परत. एका वेतातल्या सगळ्यांची नावं आईच्या किंवा बापाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून. आपल्याकडे भटजी पंचांग बघून अक्षर काढून देतात, तसंच. हे ऐकलं आणि मला ती कुत्री एकदम घरातली वाटायला लागली. पत्रात पुढे मी जे लिहिणार आहे त्यात कुत्र्यांवर काही दोष नाही हे ध्यानात ठेवा.

आता कायद्याचं एक वाक्य इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या ताफ्याने कोल्ह्याची शिकार करायला १८ फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. २००४ चा हंटिंग अ‍ॅक्ट. म्हणजे पोस्टरवर तुम्ही जे छापलंय तो गुन्हा आहे. मग हे सगळे लाल कोट करतात काय? तर 'ट्रेल हंटिंग'. एक माणूस आधी पुढे जाऊन कोल्ह्याच्या मुताचा वास लावलेली चिंधी रानातून ओढत नेतो, आणि कुत्री त्या चिंधीचा माग काढतात. कोल्हा मरत नाही, परंपरा जगते, सगळे खूश. असं सांगतात.

तर चिंधीवाला मी पाहिला. चौचाकी क्वाड बाइकवर, हातात काठी, काठीला फडकं. तो पबवरून निघाला आणि पश्चिमेकडच्या चढावर वाऱ्याच्या तोंडावर गेला. चांगला दहा मिनिटं दिसत होता. मी आजोबांना म्हटलं, "मग आपण तिकडे जायचं ना?" ते म्हणाले, "नको. तिकडे काही होणार नाही." आणि त्यांनी गाडी पूर्वेला खाली घेतली.

खाली गॉर्सचं रान आहे, काटेरी पिवळ्या फुलांची झुडपं, एका माणसाला शिरता येणार नाही इतकी दाट जाळी. अशा जाळ्या या जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत आणि त्यातल्या कितीतरी मुद्दाम लावलेल्या आहेत, कोल्ह्यांना राहायला जागा हवी म्हणून. हे मला आजोबांनीच सांगितलं, अभिमानाने. जाळीखालच्या शेतात अजून मध्ययुगातल्या सरी-वरंब्यांचे उंचवटे दिसतात, वर फक्त गवत. आम्ही त्या शेताच्या पलीकडच्या गल्लीत, फाटकाला टेकून उभे राहिलो. वारा थेट तोंडावर.

हंट्समनने कुत्री जाळीत घातली. बराच वेळ काही नाही. मग एक कुत्रं बोललं. भुंकलं म्हणायचं नाही, बोललं म्हणायचं. मग दुसरं, मग सगळीच. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला होतो म्हणून आम्हाला ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. भजनात टाळ वाढत जातात तसा आवाज वाढत गेला, अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मागच्या बाजूच्या पन्नास स्वारांना मात्र वाऱ्यामुळे काहीच ऐकू आलं नाही. ते चढावर पाठमोरे उभे, कोणी सिगारेट पेटवतंय, कोणी घोड्याला शिव्या घालतंय.

आणि तो आला.

माझ्यापासून पंधरा पावलांवर, कुंपणाच्या खालच्या भोकातून. मला वाटलं होतं तो तीरासारखा येईल. नाही. तो दुडक्या चालीने आला, थांबला, मागे वळून ऐकलं. वारा पाठीवर असल्यामुळे त्याच्या अंगावरचे केस उलटे फिरले होते आणि खालची राखाडी लव दिसत होती. पोटाकडचा भाग चिखलाने काळा. जीभ एका बाजूला. शेपूट ओली, जड, जमिनीला लागत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. काही अर्थ नव्हता त्या पाहण्यात, फाटक, झाड, बाई, एवढंच. मग त्याने गल्ली ओलांडली आणि आजोबांच्या पुतण्याच्या शेतात शिरला, सरळ मेंढ्यांच्या कळपात. मेंढ्या गाभण, वीण जवळ आलेली. सगळ्या एका कोपऱ्यात जाऊन तारेवर दाटल्या. तो त्यांच्या मधून गेला, उत्तरेच्या कुंपणाला लागला आणि दिसेनासा झाला. आजोबा हळूच म्हणाले, "हुशार आहे. मेंढ्यांच्या वासात स्वतःचा वास बुडवला."

दोन मिनिटांत कुत्री आली. ती त्याच्या वाटेवरून आली नाहीत, वीसेक पावलं बाजूने आली, कारण वाऱ्याने वास रेषेवरून उडवून तिकडे नेऊन टाकलेला. माझ्यासारख्या अडाण्यालाही ते दिसत होतं. मेंढ्यांपाशी येऊन सगळ्यांची डोकी वर. वास तुटला. एक म्हातारी कुत्री तेवढी नाक खाली धरून गोल फिरत राहिली.

मग हंट्समन घोड्यावरून फाटकाशी आला, चेहरा चिखलाने माखलेला, डोळ्यांतून पाणी, आणि वाऱ्यावर ओरडला, "कुठे गेला तो?"

हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घोळवतेय. "तो." इंग्रजीत चिंधीला 'हि', म्हणजे 'तो', म्हणत नाहीत, आणि मराठीत तर चिंधी ती. कुठल्याही भाषेत माणूस फडक्याला 'तो कुठे गेला' असं विचारत नाही. आणि ते विचारताना त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी काहीच नव्हती. त्या घाईत तो कायदा, चिंधी, क्वाड बाइक सगळं विसरला होता, आणि समोर दोन ओळखीची माणसं होती.

इथली रीत अशी की ज्याने कोल्हा पाहिला त्याने टोपी काढून, तो गेला त्या दिशेला धरायची. आजोबांनी टोपीला हात घातला. टोपी वर आली न आली तोच वाऱ्याने उचलली आणि ती पूर्वेला गेली, गल्लीवरून, खंदकावरून, पुढच्या शेतात लोळत लोळत. हंट्समनने टोपी कुठे गेली ते पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, शिंग वाजवलं आणि सगळी कुत्री घेऊन पूर्वेला गेला.

कोल्हा उत्तरेला गेला होता.

"चांगली टोपी होती," आजोबा म्हणाले. टोपी वाऱ्याने नेली की त्यांनी सोडली, हे मी विचारलं नाही. त्यांनी या ताफ्याची पिल्लं तीस वर्षं वाढवली आहेत, आणि त्या दिवशी त्यांच्या पुतण्याच्या गाभण मेंढ्या तारेवर दाटून उभ्या होत्या. मी नाहीच विचारलं.

खरं तर मी तिथेच घरी जायला हवं होतं, पायांना संवेदना उरली नव्हती. पण दुपारी अडीचच्या सुमाराला पलीकडच्या खोऱ्यात कुत्र्यांचा आवाज एका जागी थांबला, म्हणून आजोबांनी गाडी तिकडे घेतली. शेतरस्त्याखालून पाण्याचा नळ जातो, त्याच्या तोंडाशी कुत्री भुंकत होती. आता बोलत नव्हती, भुंकतच होती. हंट्समनने त्यांना मागे बोलावलं आणि घेऊन गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि ते नमूद करते. पण तो जाताच दुसऱ्या बाजूने एक क्वाड बाइक आली. चिंधीवाल्याची नव्हे, दुसरीच. पुढे लोखंडी पेटी, पेटीला भोकं, आत लहान जातीचं टेरियर कुत्रं कुंकूं करत होतं. मागे दोन फावडी आणि एक लांब पहार.

त्या दोघांनी आम्हाला पाहिलं. थांबले. एकाने सिगारेट पेटवायचा प्रयत्न केला, वाऱ्यात चार काड्या गेल्या. आजोबांनी थर्मास काढला, चहा ओतला, मला दिला, स्वतः घेतला. अर्धा तास आम्ही चौघं एकमेकांकडे न बघता त्या नळाकडे बघत बसलो. शेवटी ते निघून गेले. आम्ही गेल्यावर परत आले का, मला माहीत नाही. मी कोल्हा मारलेला पाहिला नाही. पुन्हा सांगते, पाहिला नाही. न्यायालयात उभं केलं तर मी एवढंच सांगेन की दोन माणसं फावडी घेऊन आली होती.

पण मंडळींनो, चिंधी बिळात शिरत नाही. चिंधीला उकरून काढायला फावडं लागत नाही, तिच्यामागे आत सोडायला टेरियर लागत नाही. सगळा खेळ कापडाच्या तुकड्यामागे असेल, तर ती पेटी ताफ्याबरोबर का हिंडते, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला गेल्या आठ महिन्यांत गावात कोणी दिलेलं नाही. मी चार जणांना विचारलं. चौघांनी हवामानावर बोलायला सुरुवात केली.

आता तुमचे मुद्दे. अध्यक्षांनी मला फोनवर सांगितले तेच घेते.

पहिला, हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे, कोल्हे कोंबड्या-कोकरं नेतात. नेतात, खरं आहे. कायद्यातसुद्धा दोन कुत्र्यांनी कोल्हा उठवून बंदुकीने मारायला अटी घालून परवानगी आहे. पण ज्या प्राण्याचा उपद्रव होतो त्याला राहायला कोणी झुडपांच्या जाळ्या लावत नाही. एकोणिसाव्या शतकात इथले कोल्हे कमी पडले तेव्हा युरोपातून आणून लंडनच्या लेडनहॉल बाजारात शिकारीच्या ताफ्यांना विकले जात. उंदीर कमी झाले म्हणून उंदीर विकत आणणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीनेही २००० साली सांगितलं की या शिकारीत कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा पोचते.

दुसरा मुद्दा, आपल्याकडेही होतंच की, कोल्हापूरच्या दरबारी चित्ते होते, पेशव्यांचा शिकारखाना होता. होते. चित्तेपारधी काळविटावर चित्ता सोडायचे. आणि १९५२ साली भारत सरकारने चित्ता देशातून संपल्याचं जाहीर केलं. हा मुद्दा तुम्ही तुमच्या बाजूने कसा मांडलात ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर मी रात्री जागून विचार केला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, वीस वर्षं आपण आपल्याच हॉलमध्ये आपलेच गणपती बसवतोय. इथल्या खेड्यातल्या लोकांनी पहिल्यांदा आपल्याला बोलावलंय." हे मला पटतं. २००२ च्या सप्टेंबरात लंडनच्या रस्त्यांवर चार लाख खेड्यातली माणसं उतरली होती. शहर आपल्याला विचारत नाही, आपलं जगणं समजून न घेता कायदे करतं, हा त्यांचा राग होता. त्यातला बराच खरा होता. मेलेली गुरं शेतातून उचलून नेणं ही सोयसुद्धा कित्येक वर्षं ताफ्याचीच माणसं करत आली आहेत, त्यावरच कुत्री पोसतात. त्या लोकांशी आपण बोलायलाच हवं.

पण गावाने बोलावलेलं नाही, ताफ्याने बोलावलंय. आमच्या गावात या विषयावर दोन तट आहेत. पोस्टाच्या दुकानातली बाई शिकारीच्या दिवशी मांजर घरात कोंडून ठेवते. दोन शेतकऱ्यांनी फाटकाला कुलपं लावली आहेत. आणि बोलावणं याच वर्षी का आलं? ट्रेल हंटिंगवरच बंदी घालू असं लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात लिहिलं. स्कॉटलंडने २०२३ च्या कायद्याने घातलीसुद्धा. जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२१ मध्ये सभासदांचं मत घेऊन आपल्या जमिनीवर ते थांबवलं. अशा वेळी नऊवारीतल्या बायका आणि फेटेवाले ताशेवाले लाल कोटांशेजारी हसत उभे असलेला फोटो कोणाच्या कामाचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आपण पाहुणे म्हणून जाऊ आणि साक्षीदार म्हणून छापून येऊ.

ढोलाचं तर बोलायलाच नको. पन्नास घोडी, तेहेतीस हाउंड, तट्टांवर लहान मुलं, डिसेंबरातला वारा, आणि त्यात तुम्ही पहिला टिपरू मारणार? पथकाच्या पोरांना उत्साह आहे, मला माहीत आहे. पण त्या दुपारी मलमपट्टी करायला मीच असणार आहे, आणि मला सुट्टी आहे.

मग काय करायचं? घोडे, कुत्री, शिंग, चिखल हे सगळं हवं असेल तर ते कोल्ह्याशिवाय मिळतं. इथे ब्लडहाउंडचे ताफे असतात. ते माणसाच्या मागे धावतात, खऱ्या माणसाच्या. पळणारा गडी आधी निघतो, अंगाला काहीही लावलेलं नसतं, नुसता स्वतःचा घाम. कुत्री त्याच्या पावलांचा माग काढत तासाभराने त्याला गाठतात आणि चाटून चाटून बेजार करतात. लाल कोट असतात, कुंपणांवरून उड्या असतात, सगळा थाट असतो. मी दीड तासावरच्या एका ताफ्याच्या सेक्रेटरीबाईंशी बोलले आहे. त्यांनी विचारलं की तुमच्या मंडळात कोणी पळणारं आहे का. मी आपल्या मॅरेथॉनवाल्या तिघांची नावं सांगून ठेवली आहेत, त्या तिघांना हे इथेच पहिल्यांदा कळतंय, माफ करा. त्यांचा रविवार ११ जानेवारीला आहे.

आणि ज्यांना यात पडायचं नाही, आपण परके, आपल्याला काय त्याचं असं वाटतं, त्यांना एवढंच सांगते की भारताचा पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत आहे. खासदाराला पत्र लिहायला मराठी शाळेतलं पत्रलेखन पुरेसं आहे. कुठल्या बाजूने लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त आधी एक दिवस फाटकाशी उभे राहून या, वारा असेल त्या दिवशी.

खजिनदारांना विनंती, कोचवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम महिनाअखेरपर्यंत परत मिळते का ते पावतीच्या मागे पाहा. पोस्टर काढून टाका, किंवा निदान 'कोल्ह्याची शिकार' हे शब्द तरी काढा, कारण ते पोलिसाने वाचले तर तुमच्याआधी माझ्या दारात येईल, खाली नाव माझं आहे.

आपली,
मंडळाची आजीव सभासद,
ताई

ता. क. पार्किंगचं विचारलं होतंत. चर्चमागच्या शेतात वीसेक गाड्या राहतात, पण २६ डिसेंबरला तिथे गुडघाभर चिखल असतो. कोच आत घालू नका. ट्रॅक्टरवाला त्या दिवशी घोड्यावर असतो.

ता. क. दोन. आजोबांना त्यांची टोपी एप्रिलमध्ये सापडली, खंदकात. ती आता मेंढ्यांच्या गोठ्यात खिळ्याला टांगलेली असते. मंडळाच्या मिसळीला त्यांना यायचंय, पण कमी तिखट करा.